पित्ताच्या थेंबाची वाट पाहताना

त्या वर्षी मी देवीपुढे रोज दिवा लावत होते, पण तिच्याशी बोलणं सोडलं होतं. श्रद्धा गेली होती असं म्हणवत नाही, रुसवा होता. आमच्या यांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही, तरी त्यांचं लिव्हर निकामी झालं. इथं कानडी मुलखात, जे. पी. नगरच्या आमच्या इमारतीत तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण 'घेत होते का हो?' हा प्रश्न मला लिफ्टमध्ये उभं राहिल्यावरही ऐकू यायचा. सरकारी प्रयोगशाळेत यंत्रांच्या आकृत्या तपासण्यात या माणसाची सगळी नोकरी गेली. आता पोटात पाणी साठलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि रक्तातलं विष मेंदूपर्यंत चढलं की मलाच विचारायचे, "तुम्ही कुणाकडे आलात?" मी सांगायचे, "तुमच्याकडेच." मुलीनं आपल्या लिव्हरचा भाग द्यायची तयारी केली होती, पण तपासण्यांनंतर डॉक्टरांनी नाही म्हटलं. मग मृत दात्याच्या लिव्हरसाठी नाव नोंदवून वाट पाहण्याखेरीज हातात काही उरलं नाही.

एके दिवशी सकाळी चहा टाकला होता, तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. लिव्हर मिळण्याची शक्यता आहे, लगेच या. गॅस बंद केला आणि यांना टॅक्सीत घालून निघाले. मुलगी सर्जापूर रोडला राहते, तीही निघाली, पण तिकडची वाहतूक सकाळी हलत नाही. यांना आत नेल्यावर सर्जन डॉक्टर, पन्नाशीच्या एक शांत बाई, मला बाजूला घेऊन हिंदीत बोलू लागल्या. गोड करून काहीच सांगितलं नाही त्यांनी.

"हे लिव्हर दुसऱ्या हॉस्पिटलांनी नाकारलंय. दाता वयस्कर होता, लिव्हरमध्ये चरबी आहे. एरवी आम्हीही नाही म्हटलं असतं. पण आमचं एक संशोधन चालू आहे. असं लिव्हर आम्ही यंत्राला जोडतो, शरीराइतकं गरम ठेवतो, त्यातून रक्त फिरवतो. रक्तात साठलेलं आम्ल ते साफ करतं का, पित्त बनवतं का, हे पाहतो. काम करत असेल तरच लावायचं."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"दुसऱ्याची वाट पाहू. पण त्यांच्या हातात किती वेळ आहे, ते मला सांगता येणार नाही."

विचार करते म्हटलं आणि संमतीचा कागद घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसले. हे शुद्धीवर असते तर त्यांनी शंभर प्रश्न विचारले असते, त्या यंत्राची आकृती मागितली असती. मला एकही प्रश्न सुचेना. दुसऱ्यांनी टाकलेलं घ्यावं, की चांगल्याची वाट पाहून माणूस गमवावं? ओठ आपोआप हलायला लागले. इतक्या महिन्यांनी मी आई भवानीचं नाव घेत होते. काहीतरी खूण दे, एवढंच म्हणत होते.

"स्वल्प सरकता का?" शेजारून आवाज आला. साठी ओलांडलेली एक बाई उभी होती, केसात मोगऱ्याचा तुकडा. मी सरकले. माझं पुटपुटणं तिनं ऐकलं असावं; बसली आणि म्हणाली, "आमचीपण भवानीच. आमचे लोक फार पूर्वी इकडे आले, येताना तिला घेऊनच आले." त्या हॉस्पिटलात कानडी, हिंदी, तमीळ, सगळं कानावर पडत होतं. तिथं मराठी ऐकून मला एकदम भरून आलं. तिला मी सगळं सांगून टाकलं. मनातल्या मनात मी तिला अक्का म्हणू लागले होते. ऐकून झाल्यावर पदर सारखा करत ती म्हणाली, "आमच्या यजमानांसाठीपण असंच आणलं होतं. यंत्रावर ठेवलं. पित्त आलं नाही, म्हणून नको म्हणाले."

"मग?"

"मग दुसरं मिळालं नाही. गेले ते."

मी विचारलं, "आणि तुम्ही तरी याच हॉस्पिटलात येता?"

"माझी शुगर इथंच दाखवते." ती माझ्याकडे वळली. "सही करा की नको करा, ते मी सांगणार नाही. एकच सांगते. या डॉक्टरीण बाई रेटून काही करत नाहीत. नाही जमत तर नाही म्हणतात." आतून तिचं नाव पुकारलं गेलं. "सरी, येते," कानडीतलं 'बरं' म्हणत ती उठून गेली.

मी सही केली. ज्यांना नकार मिळाला त्यांचाच शब्द मला भरवशाचा वाटला.

मग वाट पाहणं सुरू झालं. आयुष्यभर पित्त झालं म्हणून मी कोकमाचं सरबत प्यायले असेन, त्या दिवशी पित्तासाठी पदर पसरला. आई, एक थेंब उतरू दे. कुठल्याशा बंद खोलीत एका अनोळखी माणसाचं लिव्हर यंत्रावर धडपडतंय, आणि माझं घर त्या एका थेंबावर टांगलेलं. मुलीचे फोन येत होते, "आई, अजून सिग्नललाच आहे. काही कळलं?" काही कळलं नव्हतं. दार उघडलं की मी उभी राहायचे, दुसऱ्याच कुणाचा माणूस बाहेर यायचा, मी बसायचे.

शेवटी डॉक्टर आल्या. "पित्त आलेलं नाही," म्हणाल्या. माझ्या कानांत अक्काचे शब्द घुमले. सगळं संपलं असं वाटलं. "पण आम्ल फार छान साफ होतंय. बाकीच्या तपासण्याही चांगल्या आहेत. आमच्या मते हे लिव्हर चालेल. तुमची तयारी असेल तर आम्ही लावतो."

मी मागितलेली खूण आली नव्हती. जी आली नाही म्हणून दुसऱ्या एका घराला नकार मिळाला, तीच. आता काय मागावं ते कळेना, आणि मागायचं काही उरलंच नाही तेव्हा आत एक विचित्र शांतता पसरली. भीती होती तिथंच होती. पण आई, तुझ्या मनात असेल तसं, हे शब्द मी पहिल्यांदा अट न घालता म्हटले. डॉक्टरांना म्हणाले, "लावा."

मुलगी पोहोचली तेव्हा यांना आत नेलं होतं. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलो. ऑपरेशन संपल्यावर डॉक्टर बाहेर आल्या, मास्क हनुवटीवर ओढलेला. "आत लावल्यावर थोड्या वेळानं पित्त यायला लागलं," म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. एकदा संसर्ग झाला, एकदा शरीरानं लिव्हर परकं मानून झटापट मांडली, औषधं वाढवावी लागली. पण एका सकाळी यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्या नावानं हाक मारली. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

बऱ्याच महिन्यांनी तपासणीला गेलो होतो. यांचे नमुने आणि माहिती संशोधनात वापरू का, असं डॉक्टरांनी विचारलं. हे खुशाल म्हणाले आणि वर यंत्राबद्दल दहा प्रश्न विचारले. मी एकच विचारलं, "पित्त नसताना तुम्हाला धीर कसा झाला?"

डॉक्टर म्हणाल्या, "त्याआधी एक लिव्हर आम्ही पित्त आलं नाही म्हणून नाकारलं होतं. नंतर त्याचे नमुने पुन्हा पुन्हा तपासले. आम्ल साफ होत होतं, पेशीही चांगल्या होत्या. आजचं ज्ञान तेव्हा असतं, तर आम्ही ते बहुधा लावलं असतं. तुमच्या वेळी हो म्हणता आलं ते त्यामुळेच."

"त्या घरी हे ठाऊक आहे?"

"मीच जाऊन सांगितलं, तुमच्या ऑपरेशनच्या आधी. त्यांच्या पत्नींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सरी, पुढच्यांना तरी जमू दे."

ते 'सरी' मी बाकावर ऐकलं होतं. आणखी काही विचारायची गरज नव्हती. म्हणजे त्या दिवशी अक्काला सगळं ठाऊक होतं. आपला माणूस कदाचित वाचला असता, हे उराशी घेऊन ती माझ्याशेजारी बसली होती, आणि त्यातलं जेवढं मला धीर देईल तेवढंच तिनं मला दिलं.

मी देवीकडे एक थेंब मागत होते. ती मात्र माझ्यासाठी आधीच किती घरांतून चालत आली होती! एका घरानं आपलं माणूस गेल्याच्या घटकेला त्याचं लिव्हर दिलं. दुसऱ्या घरानं आपल्या दुःखातून डॉक्टरांना शिकू दिलं. शरण जाणं म्हणजे काय, हे मी पुष्कळ ऐकलं होतं. ते करून दाखवलेली बाई मला हॉस्पिटलच्या बाकावर भेटली, आणि तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.