आबांनी बोलून काढलेला मोर

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते मूळचे पारोळ्याकडचे, घरात अहिराणी बोलतात. जळगावात त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, केळी वाहायच्या ट्रॉल्या असलं काम तिथं चालतं. पण आबांना लोक ओळखायचे ते गॅस कटरसाठी. जाड पत्र्यावर खडूची एक रेघ ओढायचे आणि त्या रेघेवरून असा मोर कापून काढायचे, की त्याची मान आता वळेल असं वाटावं.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी कमी होईल, पण जाणार नाही. चहा पिताना ते निभावून न्यायचे. कटर धरला की मात्र रेघ करवतीच्या दातांसारखी निघायची. एका गेटचे मोर त्यांनी लागोपाठ भंगारात फेकलेले मी पाहिले. त्यानंतर नक्षीचं काम ते धुळ्याला, कॉम्प्युटरवर पत्रा कापणाऱ्या एका कारखान्यात पाठवू लागले.

एकदा तयार माल आणायला मीही त्यांच्याबरोबर गेले. माझं फ्लेक्स आणि स्टिकरचं दुकान आहे, म्हणून मला ते मशीन पाहायचं होतं. आबा त्या मशीनसमोरून हलेनात. येताना एसटीत ते बोटानं मांडीवर रेघा ओढत होते. मग म्हणाले, "माय, तुना दुकानमा स्टिकर कापस ते मशीन, आन हाई मशीन, एकच शे ना?"

"जवळजवळ एकच. माझ्याकडे पातं फिरतं, इथं आग फिरते."

"मंग आपणच करूत."

मला वाटलं, गमतीनं म्हणाले असतील. दुसऱ्या दिवशी आबांच्या दुकानात गेले तर फरशीवर खडूनं टेबलाचा पूर्ण मापाचा आराखडा काढलेला. रेघा वाकड्या होत्या, पण मापं बरोबर होती.

कामं आपोआप वाटली गेली. लोखंड आबांचं, कॉम्प्युटर माझा आणि वेल्डिंग भाईंचं. भाई आमचे जुने कारागीर, माझ्या लहानपणापासून दुकानात आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेनं सांगाडा ओढला जाऊ नये म्हणून आबा त्यांना आधी सगळीकडे नुसते टाके, म्हणजे ठिपक्याएवढं वेल्डिंग, मारायला लावायचे. मग सुतळी घेऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी अंतरं ताणून बघायचे. जरा फरक निघाला की टाका तोडायचा. भाई वैतागायचे. "आबा, ये टेबल है, घडी नहीं!" आबा हसायचे आणि पुन्हा सुतळी धरायला सांगायचे.

टेबलावर आडवा पूल बसवला. दोन्ही कडांच्या पट्ट्यांवरून मोटरी तो पुढंमागं नेणार आणि पुलावरून कापायची टॉर्च डावीउजवीकडे सरकणार. खाली ठिणग्या विझवायला पाण्याचा ट्रे. मोटरी आणि त्यांचं सर्किट मी ऑनलाइन मागवलं आणि जोडणी व्हिडिओ बघून शिकले.

आधी टॉर्चच्या जागी मार्कर बांधून पुठ्ठ्यावर गोल काढला. तो अंड्यासारखा आला. एका बाजूच्या मोटरीचा आकडा मी चुकीचा भरला होता. तो दुरुस्त केल्यावर गोल असा नेटका उमटला, की भाईंनी तो पुठ्ठा भिंतीवर लावला.

खरी परीक्षा पुढं होती. विजेच्या ज्योतीनं पत्रा कापणारा प्लाझ्मा कटर जोडला आणि टॉर्च पेटली, त्याच क्षणी कॉम्प्युटर बंद पडला. पूल जागच्या जागी थांबला आणि पत्र्याला भोक पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आठवडा असाच गेला. मी तर आशा सोडली होती. आबा रोज सकाळी विचारायचे, "आज काय वाचं?" मी शोधून वाचत होते, ते त्यांना सांगायचे. त्यातूनच कळलं, की टॉर्चची ठिणगी पडताना तिचा विजेचा गोंधळ वायरींमधून कॉम्प्युटरपर्यंत पोचतो. मग आम्ही वायरी वेगळ्या केल्या, जाळीच्या आवरणाच्या नव्या टाकल्या. टेबलासाठी स्वतंत्र अर्थिंग करायचं ठरलं. दुकानामागं भाईंनी खड्डा खणला आणि आबांनी त्यात स्वतः कोळसा आणि मीठ भरलं. त्या दुपारी टॉर्च पेटली आणि पूल चालत राहिला. कॉम्प्युटर बंद पडला नाही. भाईंनी मोठ्यानं "वा!" केलं.

"आता मोर," मी म्हणाले.

आबांच्या हातात माऊस ठरत नव्हता. म्हणून ते माझ्याशेजारी स्टूल टाकून बसले. त्यांनी बोलायचं आणि मी पडद्यावर रेघ ओढायची. "मान इतली ताठ नको करू. मोर शे, बगळा नही." मी वळण वाढवलं. "आते पोट थोडं सुटू दे. हां. पिसारा दाट नको, बारीक जागा जळी जाई." आगीत किती धातू खाल्ला जातो, कुठं पत्रा वाकतो, हे सगळं ते डोळे मिटून सांगत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, मोर त्यांच्या हातात आहे. त्या संध्याकाळी तो त्यांच्या बोलण्यातून माझ्यासमोर उतरत होता, आणि एवढं काही आपल्या घरात आहे याचा मला अभिमान वाटत होता.

कापलेला मोर पाण्यातून काढून भाईंनी आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी त्याच्या कडेवरून थरथरता हात फिरवला. मग एका पिसाकडे बोट दाखवून म्हणाले, "हाई थोडं जाड व्हयनं." मी हसले, आणि माझे डोळेही भरून आले.

मग तसाच जोडीचा दुसरा मोर कापला आणि ते दोन्ही जवळच्या असोद्याच्या एका शेतकऱ्याच्या नव्या घराच्या गेटला लागले. गेट न्यायला तो टेम्पो घेऊन आला, तेव्हा मोरापाशी थबकला.

"आबा, हात बरा झाला का तुमचा?"

"नाही. हा मोर आम्ही तिघांनी कापलाय," आबा म्हणाले, आणि त्याचा दंड धरून त्याला टेबलाकडे घेऊन गेले. पूल कसा चालतो, अर्थिंग कुठं आहे, भाईंना कितीदा टाके तोडायला लावले, सगळं त्याला सांगत बसले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी तोही आत येऊन ऐकू लागला.