ट्रकवरून नेलेलं विमान: जासई ते सोलापूर रस्त्यावरची एक धावपट्टी

जानेवारीत हवा स्थिर असते, तेव्हाच निघायचं, असं उज्ज्वलाने दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. उज्ज्वला माझी बायको. तिने बांधलेलं दोन सीटचं विमान जासईतल्या एका घराच्या तळमजल्यावर तयार होऊन उभं होतं आणि तिथून ते उडू शकत नव्हतं. दारासमोर गल्ली आणि गल्लीच्या टोकाला कंटेनर यार्डाची भिंत. म्हणून पंख काढायचे, सगळं ट्रकवर चढवायचं, घाट चढून सोलापूर रस्ता धरायचा आणि आतल्या बाजूच्या एका खाजगी धावपट्टीवर नेऊन पुन्हा जोडायचं, असा बेत होता. धावपट्टीचं नाव मालकांनी लिहू नका म्हटलंय, म्हणून लिहीत नाही. बाकी वाट जशी होती तशी सांगतो. आपल्याकडे हे वेड घेतलेली आणखी चार माणसं असतील तर त्यांना उपयोग होईल.

आधी थोडं विमानाच्या किटबद्दल. परदेशातून लाकडी खोक्यांत पत्रे, नळ्या, ते जोडायचे खिळे म्हणजे रिव्हेट आणि जाडजूड पुस्तकं येतात आणि विमान आपण घरी बांधायचं. उज्ज्वला विमानांच्या दुरुस्तीच्या हँगरमध्ये पत्राकाम करायची. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्या पैशांतून खोकी मागवली. शेपटी आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटमधल्या बेडरूममध्ये बांधली. रिव्हेट ठोकण्याचा आवाज तीन मजले खाली जायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा येऊन पाहिलं आणि "पंख पण इथेच का?" एवढंच विचारलं. पंख इथे नव्हते. पंखांसाठी जासईच्या काशिनाथदादांचा तळमजला भाड्याने घेतला. दादांची भातशेती बंदराच्या कामात गेली, तिच्या भरपाईत त्यांनी तीन मजली घर बांधलं. तळमजला गोडाऊनला द्यायचा होता, तो आम्हाला मिळाला.

माझं काम एकच होतं. ती बाहेरून हवेच्या हातोड्याने रिव्हेट ठोकायची आणि मी पंखाच्या आत हात घालून पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरायचो. ऐरोलीत मी एका बॅक-ऑफिसमध्ये गाड्यांच्या अपघातविम्याचे दावे तपासतो. दिवसभर काय काय बिघडू शकतं ते वाचायचं आणि रविवारी ठोकळा धरायचा, अशी माझी काही वर्षं गेली.

एक अट मात्र मी घातली होती. उज्ज्वलाकडे खाजगी वैमानिकाचं लायसन आहे, पण या विमानाचं पहिलं उड्डाण ती करणार नाही, कॅप्टन जोग करतील. कॅप्टन निवृत्त वैमानिक आणि तिचे जुने शिक्षक. गेले काही महिने ती फ्लाइंग क्लबच्या विमानात त्यांच्याबरोबर सराव करत होती. तिने अट मान्य केली. फार खळखळ न करता मान्य केली, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पहिला दिवस: जासई ते भिगवण

ट्रक बावीस फुटी घ्या, उघडा. त्याहून लहानात विमानाचं धड मावत नाही. पंख आडवे ठेवू नका. लाकडी चौकटीत पुढची कड खाली करून उभे ठेवा आणि मध्ये जुन्या गाद्या भरा. आम्ही कामोठ्यातल्या तीन घरांच्या गाद्या वापरल्या. दोर कसून आवळायचा नाही, रुंद पट्टे वापरायचे. आमचा ड्रायव्हर भगवान पाथर्डीचा. तो एरवी काच वाहतो, म्हणून त्याला निवडला होता. त्याने पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, काच फुटली तर पैसे भरून देतात. याचं काय करतात?"

"याचं काही करत नाहीत," उज्ज्वला म्हणाली. "सावकाश चालव."

निघताना काशिनाथदादा पांढरा शर्ट घालून, पिशवी घेऊन हजर. "इमान माझे घरान मोठा झाला. ते जाताना मी नको? मना येवाचा हाय."

ते आमच्या गाडीत मागे बसले. ट्रक पुढे, आम्ही मागे.

एक्स्प्रेसवे टाळला. तिथे बाजूने सुसाट जाणाऱ्या गाड्यांच्या वाऱ्याने ताडपत्री फडफडते. पळस्प्यावरून जुना हायवे धरला, खोपोलीत नाश्ता केला आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. ताडपत्रीखालून शेपटी बाहेर डोकावत होती. मागून येणारे हॉर्न द्यायचे, शेजारी आले की मान वळवून बघत राहायचे आणि मग त्यांच्या मागचे त्यांना हॉर्न द्यायचे.

पुण्याच्या पुढे एका टोलवर तिथल्या माणसाने विचारलं, "नवरदेवाच्या एन्ट्रीचं का?"

हल्ली लग्नांत पुठ्ठ्याची विमानं आणतात म्हणे. काशिनाथदादांनी काच खाली केली. "खरा इमान हाय! खरा!"

"मग ट्रकवर कशाला?"

दादा आमच्याकडे बघायला लागले. आम्ही पावती घेतली आणि निघालो.

सोलापूर रस्ता रुंद आहे, पण पुलांच्या जोडांवर ट्रक उडतो. प्रत्येक जोडाला उज्ज्वला दात दाबायची. ट्रकवाल्याला आधीच सांगून ठेवा की पूल आला की वेग निम्मा. भिगवणला मुक्काम केला. खोल्या साध्या, हजाराच्या आसपास, आणि ट्रक खिडकीतून दिसेल असं पार्किंग. तिथे उजनीच्या पाण्यातली मासळी फार चांगली मिळते. चिलापी फ्राय आणि बाजरीची भाकरी जरूर खा. दादांनी अर्धा मासा संपवून निकाल दिला, "ताजा हाय. पन याला समिंदर म्हाईत नाय." मग उरलेला अर्धाही संपवला.

दुसरा दिवस: धावपट्टी

भिगवणपासून पुढे रस्ता सोपा आहे. शेवटचा कच्चा भाग सोडला तर. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच द्राक्षाची बाग आणि अचानक डांबराचा एक लांब सरळ पट्टा, ज्याच्या टोकाला पत्र्याची शेड. तिथे जेवणाची सोय नाही, पाणी बरोबर न्या. शेडच्या रखवालदाराच्या घरून सांगितलं तर पिठलं-भाकरी मिळते.

दुपारपर्यंत पंख लागले. प्रत्येक बोल्ट उज्ज्वलाने स्वतः आवळला, खूण केली आणि मग पुन्हा पहिल्यापासून तपासला. परवानगीचे कागद आधीच हातात होते. त्यांना पंखांपेक्षा जास्त वेळ लागला होता, एवढंच सांगतो.

तिसऱ्या प्रहरी कॅप्टन जोग आले. उंच, सडपातळ, सत्तरीतले. विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, पंखाच्या टोकाला धरून हलवलं, इंजिनात डोकावले. मग आत बसले. वरचं काचेचं झाकण पुढच्या बाजूला बिजागरीवर आहे. ते उज्ज्वलाने हळूच खाली आणलं आणि ते कॅप्टनच्या टाळूवर टेकून थांबलं.

सीटखालची गादी काढली. तरी टेकलं. हेडफोन उतरवून पाहिले. झाकण लागलं, पण कॅप्टनची मान एका बाजूला कलली.

"असा मी बसू शकतो," ते आतून म्हणाले, "पण मान वाकडी करून नवीन विमान उतरवणार नाही."

ते बाहेर आले आणि चहा मागितला. मी उज्ज्वलाला बाजूला घेतलं.

"तुला माहीत होतं?"

"त्यांची उंची मी कशाला मोजू?"

"इतके महिने तू त्यांच्या शेजारी बसत होतीस."

"शेजारी बसत होते. वर बघत नव्हते."

ती हसली नाही. मीही हसलो नाही. मग तिने सरळ विचारलं, "मी नेऊ का?"

"मला नको वाटतं," मी म्हणालो.

काशिनाथदादा तिथेच उभे होते. तेही म्हणाले, "वैनी, नको. दुसरा कोन तरी बघा बुटका."

उज्ज्वलाने एकदा माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे. शब्द दिला होता." ती शेडमध्ये गेली, कापडी कव्हर आणलं आणि विमानावर चढवायला लागली. आदळआपट नाही, रुसवा नाही. कोपऱ्याच्या नाड्या नीट बांधत होती. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी धावपट्टीवर चालायला गेलो. थोड्या वेळाने कॅप्टन चहाचा कप घेऊन बरोबर आले.

"तिचं लँडिंग चांगलं आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा हळू टेकवते. तुम्हाला भीती कशाची वाटते? विमानाची की तिची?"

मी विचार केला. दाव्यांच्या फाइलमध्ये मी कारण शोधतो, कारणाशिवाय नकार लिहीत नाही. या विमानातला प्रत्येक सांधा मी आतून हाताने चाचपलेला होता. त्यातला एकही मला वाईट म्हणून दाखवता येत नव्हता. आणि तिच्याबद्दल हा माणूस सांगत होता, जो तिच्याबरोबर उडाला होता.

"मला त्या वेळी खाली उभं राहण्याची भीती वाटते," मी म्हणालो.

"ती मला नाही घालवता येणार," कॅप्टन म्हणाले आणि कप उपडा करून उरलेला चहा गवतावर टाकला.

परत आलो तेव्हा तिची शेवटची नाडी बांधून होत होती. मी दुसऱ्या बाजूला गेलो आणि पहिली नाडी सोडली. मग दुसरी. ती थांबली, बघत राहिली.

"आज वारा वाढलाय," ती म्हणाली. "सकाळी."

"मग उगीच सोडली," मी म्हणालो, आणि आम्ही दोघांनी मिळून ते कव्हर पुन्हा बांधलं.

तिसरा दिवस: उड्डाण

सकाळी उसावर धुकं होतं. ते विरेपर्यंत थांबलो. आधी तिने विमान जमिनीवरच वर-खाली पळवून पाहिलं, ब्रेक पाहिले, इंजिनचं तापमान पाहिलं. कॅप्टन हातात रेडिओ घेऊन कडेला उभे. मी आणि काशिनाथदादा त्यांच्या मागे. भगवान ट्रकच्या टपावर.

मग ती टोकाला गेली, वळली आणि आली. आमच्यासमोर यायच्या आधीच चाकं जमिनीवरून सुटली होती. दादांनी हात जोडले. मी काय केलं ते मला आठवत नाही.

ती शेडच्या उंचीच्या बरीच वर गेली असेल, तेवढ्यात रेडिओत नुसता वाऱ्याचा सोसाटा ऐकू आला आणि त्यातून तिचा आवाज, "झाकण उघडलंय."

कडी सुटली होती. झाकण वीतभर वर येऊन थरथरत होतं, खालूनही दिसत होतं. तिची टोपी उडून उसात पडताना मी पाहिली.

कॅप्टनचा आवाज बदलला नाही. "इंजिन कसं आहे?"

"ठीक."

"वेग?"

तिने आकडा सांगितला.

"मग विमान उडतंय. झाकणाला हात लावू नकोस, त्याच्याकडे बघू नकोस. नेहमीसारखी चक्कर पूर्ण कर आणि ये."

"हो सर."

काशिनाथदादा खाली मातीत बसले. मी उभाच होतो. विमान डावीकडे वळलं, उसाच्या पलीकडे छोटं झालं, पुन्हा वळलं. फार वेळ गेला नसणार. दूर कुठे तरी पंप सुरू झाला, कुणी तरी पाणी सोडत होतं. त्या माणसाला काहीही कळलं नव्हतं.

ती सरळ रेषेत खाली आली. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली आणि पळत गेली. कॅप्टन म्हणाले, "आज माझ्यासारखं उतरवलं," आणि रेडिओ माझ्या हातात देऊन चालायला लागले.

मी पोचलो तेव्हा इंजिन बंद झालं होतं. तिचे केस पिंजारलेले, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी आलेलं. पट्टे न सोडताच तिने माझा हात धरला.

"कडी एकच आहे तिथे," ती म्हणाली. "दुसरी लावायला हवी."

ती तिने त्याच दुपारी लावली. बाजाराच्या गावात पत्रा मिळाला, कानशीने घासून तुकडा केला. मी पलीकडून ठोकळा धरला. दादांनी झाकण ओढून ओढून पाहिलं, सगळ्या ताकदीनिशी, आणि मगच मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा वर गेली आणि अर्धा तास फिरून आली. या वेळी रेडिओवर खाली कुठे काय दिसतंय ते सांगत होती. उजनीचं पाणी, त्यावरचे पक्षी, साखर कारखान्याचा धूर.

परत

येताना ट्रक रिकामा होता, म्हणजे नुसत्या गाद्या. विमान तिथेच शेडमध्ये राहिलं. चाचणीचे ठरावीक तास पूर्ण होईपर्यंत त्यात वैमानिकाशिवाय कुणी बसायचं नसतं, त्यामुळे उज्ज्वला आता महिन्यातून दोनदा पहाटेच्या बसने जाते. मी तिला कळंबोलीपर्यंत सोडतो. पहिल्या वेळी दुपारी फोन येईपर्यंत ऑफिसात काही सुचलं नाही. आता दोन-तीन दावे तपासून होतात.

लोक विचारतात, एवढ्या खटाटोपातून काय मिळालं. खर्चाच्या मानाने उत्तर देता येत नाही. घाट, पूल, टोल लक्षात राहिले, ते वर लिहिले आहेत. त्यापलीकडे मला ती पंपाची मोटर लक्षात राहिली, ती अजूनही कधी कधी ऐकू येते. काशिनाथदादांनी तळमजला गोडाऊनला दिला, पण भाडेकरूला आधी सांगतात की इथे काय होतं.

गेल्या रविवारी जेवताना उज्ज्वला म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझे तास संपतील. मग उजवी सीट वापरता येईल."

मी आमटी वाढून घेतली. "माझ्या वजनाने काही फरक पडेल का?"

"वजनाचं गणित मी पत्रा कापायच्या आधी केलं होतं," ती म्हणाली. "त्यात उजव्या सीटवर तूच आहेस. अठ्ठ्याहत्तर किलो."

"आता चौऱ्यांशी आहे."

तिने भाताचं भांडं माझ्यासमोरून उचललं आणि स्वतःकडे ठेवलं.