इराचा दहीभात

विरजणआजींना राग आला की त्यांचा आवाज खाली यायचा. ओरडणाऱ्यांना मी कधी भ्यायले नाही, आजींना भ्यायचे. सांगलीहून मुलाकडे ऑस्ट्रेलियात, क्वेकर्स हिलला, तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. त्याच घरामागच्या छोट्या वेगळ्या घरात, ग्रॅनी फ्लॅटमध्ये, मी भाड्याने राहत होते.

लॉकडाउनमध्ये त्या शेजाऱ्यांसाठी कुंपणावर विरजणाच्या वाट्या ठेवत. मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हा त्यांचा नियम.

त्यांची नात इरा सहा वर्षांची, ऑटिस्टिक. ती चारच गोष्टी खायची: टोस्ट, केळं, चिप्स आणि आजींचा दहीभात. शाळा बंद, थेरपी बंद, आईबाप हवालदिल. अशा वेळी आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ऑनलाइन कोच उगवला. दूध बंद करा, मूल बोलू लागेल, असं त्याचं म्हणणं. त्याच्या पत्रकाचं मराठी मी केलं, कुणी न सांगता. चळवळीची पत्रकं वाचतच वाढलेली मी. बड्या दूध कंपन्यांना शिव्या घालणारं पत्रक खोटं असेल, हे मनातही आलं नाही. ‘दूध नव्हे, विष’ हा मथळा तर माझाच.

ते वाचून इराच्या घरातलं दही गेलं, नारळाचं योगर्ट आलं. इराने वाटी ढकलली. मग भात सोडला, मग केळंही. दहा दिवसांत तिची पँट कमरेवर ठरेना. कोच म्हणाला, हे विड्रॉल आहे, दुधाची सवय सुटतानाचा त्रास, आईने खंबीर राहावं. पोराच्या भुकेला असलं नाव देणाऱ्या माणसाला लाज कशी वाटली नाही?

आजींनी मुलाला डॉक्टरांना फोन करायलाच लावला. डॉक्टरांनी गाठ घालून दिलेल्या आहारतज्ज्ञ बाई व्हिडिओवर स्पष्ट बोलल्या: हिला दुधाची अ‍ॅलर्जी नाही, दूध तोडल्याने ऑटिझम जातो याला पुरावा नाही, आणि इतकं मोजकं खाणाऱ्या मुलीचा घास असा काढून घेऊ नका.

त्या दुपारी आजी पत्रक घेऊन माझ्या दारात आल्या.

“हे तू लिहिलंस?”

“फक्त ट्रान्सलेट केलं, आजी. हेतू चांगला होता.”

“हेतू ठेव तुझ्याजवळ,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “आणखी कुणाकुणाच्या घरी गेलंय हे? त्यांची पोरं काय खातायत, ते विचार.”

मी ग्रुपवर स्वतःच्या नावाने चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी मला काढून टाकलं, पण त्याआधी पोरांचं दूध तोडलेल्या तिघींचे मेसेज आले. दोघींनी डॉक्टरांना विचारून दूध पुन्हा सुरू केलं. ग्लेन वेव्हर्लीची तिसरी नंतर माझा फोन उचलेना.

इराला दही पुन्हा तोंडात घ्यायला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी तिने नुसतं बोट बुडवून पाहिलं.

सीमा उघडल्यावर आजींना सोडायला मीही विमानतळावर गेले. पुन्हा सॉरी म्हणाले.

“मला कशाला? त्या तिसरीने फोन उचलला का?”

“नाही उचलला.”

“मग परत कर,” म्हणाल्या, आणि ट्रॉली ढकलत आत गेल्या.

मी पार्किंगमधूनच फोन लावला.