माझ्याशिवाय कोणाला न कळणारा कोड

आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका छोट्या कंपनीत मी वेबसाइट बनवतो. म्हणजे खरं तर जुन्या वेबसाइट दुरुस्त करत बसतो. जवळच्याच त्र्यंबकेश्वरच्या एका लॉजचं बुकिंग सारखं बिघडायचं. एकच खोली दोन कुटुंबांना मिळायची, लॉजवाल्याचा फोन यायचा आणि कंपनीचे मालक, आमचे सर, माझ्याकडे बघायचे. रिकाम्या खोल्यांचा आकडा कोडमध्ये कुठूनही बदलला जायचा. एक चूक काढली की दुसरी डोकं वर काढायची.

यातून सुटायचं म्हणून मी सकाळी ऑफिसआधी प्रोग्रामिंगची एक फंक्शनल भाषा शिकायला लागलो. तिच्यात एकदा ठरवलेला आकडा बदलता येत नाही. बदल हवा तर नवा बनवायचा. सुरुवातीला काही उमजेना. मग हळूहळू चटक लागली. बुकिंगचा भाग मी आमच्या नेहमीच्या जावास्क्रिप्टमध्येच, पण त्या पद्धतीनं पुन्हा लिहिला. तक्रारी थांबल्या.

पुढं मेहुणीच्या साखरपुड्याला इगतपुरीला गेलो. पंगतीत बसलो तोच ऑफिसातल्या ताईंचा फोन आला. त्या माझ्या सीनियर. लॉजवाल्याला सणाचे दर बदलून हवे होते.

"हे फंक्शन दुसरं फंक्शन परत देतंय, ते तिसऱ्यात जातंय," त्या म्हणाल्या. "दर नेमका कुठं लिहू?"

मी सांगत होतो, त्या "थांब, परत सांग" म्हणत होत्या. ताटातलं गार झालं.

परतल्यावर सर म्हणाले, "काम झकास आहे तुझं. पण तुझ्याशिवाय ते कोणाला कळत नाही. आता लॉजचं सगळं तूच बघ."

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीत माझी मुलाखत होती. मी कारण न सांगता सुट्टी मागितली.

"सीझन संपू दे," सर म्हणाले.

मुलाखत हुकली. खुर्चीला बांधून ठेवल्यासारखं वाटायला लागलं, आणि दोर मीच वळला होता.

मग मी ताईंना शेजारी बसवलं. त्या कोड वाचत जायच्या. अडल्या की तिथलं मी साधं करायचो. खोल्यांचा आकडा मात्र एकाच जागी ठेवला.

"आता कळतंय," त्या म्हणाल्या. "आधीच असं लिहायचंस ना."

लॉज ताईंकडं गेलं. सरांनी मला बोलावून म्हटलं, "तुझा हात आता चांगलाच बसलाय," आणि तितक्याच जुन्या, तितक्याच बिघडलेल्या आणखी दोन वेबसाइट माझ्याकडं दिल्या.

जागेवर येऊन मी पुण्याच्या कंपनीला पुन्हा मेल टाकला. जागा भरली होती.