कापलेल्या कानाची पाहुणी

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून पिकून फुटलेल्या द्राक्षांचा आंबट वास आला, की मला नाशिकजवळची ती वायनरी आठवते. भटक्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या आम्ही चौघी बदलापूरहून गाडी करून गेलो होतो. जाहिरातीत ‘तुमच्या कुत्र्यालाही घेऊन या’ असं लिहिलं होतं, म्हणून मी माझी कुत्री घेतली. जांभूळ गावच्या रस्त्यावरून उचललेली, तांबूस, अगदी गरीब. आत हिरवळीवर लांब केसांची महागडी कुत्री लोळत होती. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, “ताई, ही रस्त्यावरची. हिचा कान कापलाय.” मी म्हटलं, “नसबंदी आणि रेबीजची लस झाली, की खूण म्हणून कापतात, दादा. आतल्या किती जणांना लस दिलीय, ते विचारा जरा.” तो ओशाळला, पण हिला आत सोडायचं नाही, मॅनेजरची ऑर्डर आहे म्हणाला. कुत्र्यांतही जात बघायची आणि वर प्राणीप्रेमी म्हणवून घ्यायचं. मी मागे वळून पाहिलं. हीच खूण समजावणारी पत्रकं त्या तिघींनी माझ्याबरोबर कुळगावात दारोदार वाटली होती. “यार, इथे पण मोर्चा नको ना,” एक म्हणाली. “तू बस हिच्याजवळ, हम अभी आते हैं.” आणि त्या आत गेल्या. मी पार्किंगमध्ये बसले, कुत्रीला ओंजळीतून पाणी पाजलं आणि उन्हं उतरेपर्यंत त्यांचं हसणं ऐकत राहिले. आम्ही अजून एकत्रच काम करतो. सहलीचं ठरलं की मी नाही म्हणते. का, ते कुणी विचारत नाही.