क्रूसावर हात ठेवून

आमच्या प्रभागात कॅथलिकांची घरं अकरा. त्यातल्या दोन घरांना बाराही महिने कुलूप, पोरं पुण्याला. सांगलीत कुणाला सांगितलं की आम्ही ख्रिश्चन, तर पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे गोव्याचे का तुम्ही?" अहो, गोवा मी शाळेची सहल घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिला! माझे वडील माधवनगरच्या मिलमध्ये मागावर होते, आई त्याच चाळीत वाढली, आणि मी पस्तीस वर्षं इथल्याच पोरांना गणित शिकवलं. भाकरी-ठेच्यावर वाढलेली माणसं आम्ही. पण निवडणूक आली की आम्ही एकदम 'ते लोक' होतो.

त्या वर्षी महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा आई सत्त्याऐंशीची होती आणि अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर म्हणाले, महिना, फार तर दोन. आईला मरणाची भीती नव्हती. तिला एकच घोर होता. वडील आमच्या दफनभूमीत आहेत, त्यांच्या शेजारची जागा तिने स्वतः दगड लावून धरून ठेवली होती, आणि तिथे जायची वाट बंद झाली होती. वाट पुढच्या माणसाच्या जमिनीतून जाते. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तिथूनच प्रेतं नेली, कधी कुणी हटकलं नाही, त्यामुळे कागद करावा असं कुणाला सुचलं नाही. जमीन विकली गेली, नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं, लोखंडी फाटक लावलं आणि त्याला कुलूप ठोकलं. त्यानंतर आमच्यातली दोन माणसं गेली, ती दुसऱ्या गावच्या दफनभूमीत हात जोडून जागा मागून पुरावी लागली.

"फाटक उघडलं का गं?" आई रोज विचारायची. मी म्हणायची, "अर्ज केलाय." ती म्हणायची, "अर्जानं कुलूप निघतंय व्हय?"

कुलूप लावणारा होता एका पुढाऱ्याचा मेहुणा, आणि तो पुढारी आमच्याच प्रभागातून उभा राहिला होता. त्याचं नाव लिहीत नाही, लिहायचंही नाही. आदल्या वर्षी मुलींच्या वसतिगृहावर माणसं घेऊन तोच गेला होता. चर्चच्या व्रतस्थ दोन सिस्टर ते वसतिगृह चालवायच्या. वाडीवस्तीवरच्या, आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुली तिथे राहून शिकायच्या. हा म्हणाला, इथं बाटवाबाटवी चालते. मोठ्या सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. कुणीतरी ढकललं, त्या पायऱ्यांवरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड वाकडंच बसलं. तक्रार लिहिली गेली ती सिस्टरांवरच, आणि दोघींना ठाण्यात नेऊन बसवलं. घ्या! चोर तो चोर, वर शिरजोर.

त्या दिवशी आमच्यातलं कोण पोलीस ठाण्यात गेलं? कुणी नाही. मी पण नाही, मला दम लागतो ना! गेली ती एक निवृत्त नर्स, जैन घरातली. आमच्या धर्माशी तिचा काही संबंध नाही. दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली, म्हणाली, "सिस्टरांना घेतल्याशिवाय मी उठत नाही." तीच आता त्याच्याविरुद्ध अपक्ष उभी होती. चिन्ह कपबशी.

म्हणजे सरळ सोपं गणित. असं तुम्हाला वाटेल.

मतदानाच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा, आमची उपासना, संपल्यावर फादरनी बिशपांचं पत्र वाचलं. कुणाचंही नाव नाही, पक्ष नाही. प्रार्थना करा, दुबळ्यांच्या बाजूने कोण आहे ते बघा आणि सदसद्विवेकबुद्धीने मत द्या. मला आतून संताप आला. विवेकबुद्धी असायला काय लागतं? माझ्या आईचं मढं ठेवायला जागा लागते. बाहेर आल्यावर मी हे बोलून दाखवलं, तर एक जण कानाजवळ येऊन म्हणाला, "बाई, हळू." आमच्या लोकांचं हे असंच. शंभर वर्षं हळूच बोलतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुढारी आमच्या घरी आला. चपला बाहेर काढल्या, आईच्या पाया पडला. वागायला मोठा गोड माणूस.

"बाई, आवं आजीचं आमाला कळलं. आमचा मेहुणा जरा आडमुठा हाय. पन मी सांगितलं की उघडतंय फाटक. आजीच न्हाई, तुमा समद्यांसाठी, कायमचं."

"आणि?" मी म्हटलं.

"आनी काय? तुमची समदी घरं आपल्यामागं. तुमचा शबूद लोक मानत्यात."

आमच्या भागात शब्दावर कुणी थांबत नाही, शपथ घेतात. बाकीच्या गल्ल्यांतून त्याची माणसं ताटात भंडारा घेऊन फिरत होती. भंडाऱ्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मत तुम्हालाच. आमच्याकडे भंडारा चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने भिंतीकडे बोट केलं, तिथे आमचा क्रूस होता.

"तुमचा देव तुमाला. त्याच्यावर हात ठिवून बोला, म्हंजे झालं."

अकरा घरांतली जी माणसं होती ती मीच बोलावली. हे मी कुणावर ढकलणार नाही. मीच फोन केले, मीच स्टूल घेतलं, मीच क्रूस उतरवून टेबलावर ठेवला. आतल्या खोलीत आईला ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं. एकेक जण आला, हात ठेवला, पुटपुटला. एक म्हातारा रडला. शेवटी मी. त्या लाकडावर हात ठेवून मी म्हणाले, "माझं मत तुम्हालाच."

"झ्याक," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

दुपारी मी फादरांकडे गेले. विचारलं, अशी शपथ बांधते का? फादर तरुण आहेत, वसईकडचे, विचार करून बोलतात. म्हणाले, "वाईट करायची शपथ कुणाला बांधत नाही. ती घेतली हे पाप, आणि पाळली तर दुसरं पाप." मग थांबून म्हणाले, "बाई, यंत्रापुढे तुमच्याबरोबर कुणी नसतं." मी इतकी हलकी होऊन घरी आले! वाटलं, सुटलो. त्याला वाटू दे आम्ही बांधलेले आहोत. फाटक उघडेल आणि मत जाईल कपबशीला. मी सगळ्यांना तसं सांगितलंही. म्हातारा तर म्हणाला, "बाई, तुमी लय धीर दिला."

मतदानाच्या दिवशी शाळेतच केंद्र होतं, मी जिथे शिकवायचे त्याच वर्गात. शाई लावली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. आमच्याकडे एका प्रभागात चार जागा, चार बटणं दाबायची. तीन मी पटापट दाबली. चौथ्याला माझा हात थांबला. कपबशी समोर होती. आणि मला वाटलं, त्याला कळलं तर? अकरा घरांची मतं. प्रत्येक केंद्रावर कुणाला किती ते कळतंच की त्यांना. फाटक उघडलंच नाही तर? आईला टेम्पोत घालून मी कुठल्या गावी नेऊ, कुणापुढे हात पसरू? मागून अधिकारी म्हणाला, "बाई, आटपा." मी त्याचं बटण दाबलं.

शपथेमुळे नाही. शपथेतून तर फादरांनी मोकळं केलं होतं मला. भीतीने दाबलं. सिस्टरांसाठी पोलीस ठाण्यात ज्या भीतीने मी गेले नाही, त्याच भीतीने.

घरी आले तर आई जागी. "कुनाला दिलंस?"

"कपबशीला."

"दे मला हात." तिने माझा हात धरला, शाई लागलेलं बोट चाचपलं. "सिस्टरचा हात मोडला तवा मी अंथरुणातनं उठून जानार हुते. पाय न्हाईत माझं. तू गेली न्हाईस म्हनून लय राग आलेला तुझा. आता गेला."

मी तिचं पांघरूण नीट केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तो निवडून आला. एवढ्या मोठ्या फरकाने आला की आमची अकरा घरं सगळी मिळून त्याच्या विरुद्ध गेली असती, तरी त्याच्या केसालाही धक्का लागला नसता. निवडणूक ड्युटीला मतदारांची यादी घेऊन बसणारी, आयुष्यभर बेरीज-वजाबाकी शिकवणारी मी, हा हिशोब मला आधी मांडता आला नाही. बाकीच्यांनी कपबशीलाच दिलं, हे नंतर एकेकाने मला येऊन सांगितलं. तो रडलेला म्हातारासुद्धा. सगळे माझ्या धीरावर गेले होते!

निकालानंतर नवव्या दिवशी दुपारी आई गेली. मुखावर कसला त्रास नव्हता.

फाटक उघडं होतं. त्याने शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. पांढरे कपडे घालून तो स्वतः आला, पेटीला खांदा दिला, खड्ड्याच्या कडेला सगळ्यात पुढे उभा राहिला. मोठ्या सिस्टर मागे होत्या. माती टाकायला त्या पुढे आल्या तेव्हा तो वाटेतून हललासुद्धा नाही. उलट त्यांनाच ऐकू जाईल असं मला म्हणाला, "बाई, तुमी शबूद पाळला, आमी बी पाळला. आता कायबी लागलं तर हक्कानं सांगा."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. त्यांनी डाव्या हाताने माती उचलली, टाकली, आणि प्रार्थना पूर्ण म्हटली, एक शब्द न गाळता. नंतर मला जवळ घेऊन म्हणाल्या, "आईचं सगळं नीट झालं ना? तेच महत्त्वाचं." अहो, एक मुस्काटात मारली असती तर उपकार झाले असते.

पुढच्या महिन्यात वसतिगृहाला नोटीस आली. इमारतीच्या परवानगीत काहीतरी खोट निघाली म्हणे. मुली आपापल्या वस्तीवर परत गेल्या, सिस्टरांची बदली झाली. त्यांना निरोप द्यायला मी बस स्टँडवर गेले नाही.

मग मी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे तेच फादर. सगळं सांगितलं, शपथ, बटण, आईशी खोटं बोलणं, सगळं. मग फादरांनी विचारलं, जे प्रत्येकाला विचारतात, कारण त्याशिवाय पापक्षमा देता येत नाही, "पुन्हा अशी वेळ आली, तर हे करणार नाही असा निश्चय आहे ना?"

मला 'हो' म्हणायचं होतं. एक शब्द. पण माझा भाऊ आहे सत्तरीचा, हृदयाचा पेशंट. मी आहे. फाटक अजून त्याच्याच मेहुण्याचं आहे, किल्ली अजून त्याच्याच खिशात आहे, आणि पाच वर्षांनी तो पुन्हा दारात चपला काढणार आहे.

"माहीत नाही, फादर," मी म्हणाले.

"बाई, मग मला क्षमा देता येत नाही. विचार करा, पुन्हा या."

त्याला आता दीड वर्ष झालं. मी अजून विचारच करते आहे. दर रविवारी मिस्साला जाते, सगळी गीतं म्हणते. कम्युनियन, म्हणजे पापक्षमा झालेल्यांनाच घेता येणारा प्रभूचा प्रसाद, त्याची वेळ झाली की बाकीच्या घरांतली माणसं उठून रांगेत उभी राहतात, तो म्हातारा माझ्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे जातो, आणि मी बाकावर बसून राहते.