मौनातला महिना

आवाज गेला तो भर वर्गात. थेरगावच्या एका शाळेत मी गणित शिकवते. सातवीला अपूर्णांकांची बेरीज समजावत होते आणि वाक्याच्या मध्येच घशातून नुसती हवा बाहेर आली. मुलांना वाटलं, बाई गंमत करताहेत.

घसा तसा बरेच दिवस खरखरत होता. आल्याचा तुकडा चघळत, गरम पाणी पीत मी तो रेटत होते. दिवाळीच्या सुट्टीत एका आश्रमाचं शिबिर ठरलं होतं आणि त्याआधी पोर्शन संपवायचा होता.

त्या काळात सुट्टी लागली की मी कुठेतरी निघायचेच. कधी डोंगरातलं ध्यानकेंद्र, कधी नदीकाठचा मठ. मुलगी शिकायला बंगळुरूला गेल्यापासून ही ओढ फार वाढली होती. नवऱ्याची चाकणच्या कारखान्यात चांगली नोकरी, पुनावळ्यात स्वतःचं घर, कशाचीच कमतरता नव्हती. तरी भरल्या ताटावरून अर्धपोटी उठल्यासारखं वाटत राहायचं. शिबिरात डोळे भरून यायचे, छाती हलकी व्हायची, वाटायचं, सापडलं! परतीच्या वाटेवर ते हळूहळू विरायला लागायचं. डांगे चौकातल्या गर्दीत मागून कुणी हॉर्न मारला की उरलंसुरलंही जायचं. मग पुढच्या सुट्टीची वाट बघायची.

डॉक्टरांनी घसा तपासला. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या.

"ऑपरेशन टाळायचं असेल तर महिनाभर पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"आणि शिबिर?" नवऱ्यानं माझ्या वतीनं विचारलं.

"तिथे काय असतं?"

"सकाळ-संध्याकाळ मोठ्यानं नामजप."

"मग विषयच संपला."

घरी येईपर्यंत मी गाडीत रडत होते, तेही आवाज न करता.

घरात दिवसभर आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्या मूळच्या बीडकडच्या, बोलायची भारी हौस. डोळे अधू झालेले, त्यामुळे मी फोनवर लिहिलेलं त्यांना दिसायचं नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. मी मीठ मागितलं की त्या साखर आणून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "नीट सांग की माय!"

मला वाटलं होतं, तोंड बंद झालं की आत आपोआप शांत होईल. झालं उलटंच. आत नुसता बाजार भरला. मी मनातल्या मनात मुख्याध्यापिकांशी भांडत होते, मुलीला उपदेश करत होते, जाऊबाईंना कधीकाळी द्यायचं राहून गेलेलं उत्तर पुन्हा पुन्हा, दर वेळी आणखी धारदार करून देत होते. शिबिरांत हे कधी ऐकूच आलं नव्हतं. तिथे कुणीतरी बोलत असायचं, नाहीतर टाळ वाजत असायचे. इथे मात्र माझी मीच होते. हा गोंगाट मी दर वेळी बॅगेत भरून नेत होते आणि तसाच परत आणत होते, हे लक्षात आलं तेव्हा घाबरायलाच झालं.

एका दुपारी आम्ही गॅलरीत मेथी निवडत बसलो होतो. समोर नव्या इमारतीचं काम चाललेलं, ठोकठोक, मिक्सरची घरघर. सासूबाईंनी एकदम विचारलं, "सारखी जात होतीस ना तू तिकडं. काय हुडकायलीस गं एवढं?"

बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग हातांनी सांगायला गेले. आधी वर आभाळाकडे दाखवलं. त्यांना कळेना. दूर डोंगराकडे बोट केलं. तरी कळेना. शेवटी काही सुचेना, तेव्हा माझा हात आपसूक छातीवर येऊन टेकला.

"अगं बाई! दुखायलंय का तिथं?" त्या घाबरून उठायलाच लागल्या.

मी हसत मान हलवली, त्यांना खाली बसवलं. हात मात्र छातीवरच राहिला. हाताखाली श्वास चालला होता, संथ, आपल्या लयीत. मनात जुळवत असलेलं उत्तर अर्ध्यावरच थांबलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. समोरची ठोकठोक चालूच होती, सासूबाई पुन्हा बोलायला लागल्या होत्या. मला सगळं ऐकू येत होतं आणि कशाचाच त्रास होत नव्हता. जुडी संपेपर्यंत ते टिकलं असेल. गेलं तेव्हा मी त्याच्यामागे धावले नाही. घरातच होतं ते. पुन्हा भेटेल, असं वाटलं.

आणि भेटत गेलं. रोज नाही, कधी भांडी घासताना, कधी सकाळी नुसतं बसल्यावर. आतला बाजार उठला नाही, पण त्यात प्रत्येक दुकानापाशी थांबायलाच हवं असं नसतं, हे कळलं.

आवाज परत आला तो जरा जाडसर होऊन. शाळेत गेले तर स्टाफरूममध्ये बातमी तयारच होती: ज्या पर्यवेक्षकपदावर माझा डोळा होता, ते माझ्या मैत्रिणीला मिळालं होतं. कळ आली, नाही म्हणत नाही. पण त्या कळेच्या खाली काहीतरी स्थिर होतं, त्याला धक्का लागला नव्हता. मी जाऊन तिचा हात धरला. "मनापासून अभिनंदन," म्हटलं, आणि ते खरंच मनापासून होतं. ती बिचारी तोवर माझ्याकडे बघायचं टाळत होती. तिनं मला मिठीच मारली.

परवा नवरा म्हणाला, "उन्हाळ्याचं काय? कुठल्या शिबिराचं बुकिंग करायचं?"

"या वेळी तिघंही कोकणात जाऊ," मी म्हटलं. "आईंनी अजून समुद्र पाहिलेला नाही."

स्वयंपाकघरातून लगेच प्रश्न आला, "तिथली माणसं खारं पाणीच पेतेत का गं?"